दोनच सीटांची गाडी

पानशेतचं धरण फुटायच्या दोन-तीन वर्षं आधी भुकुममध्ये एक मोटार आली आणि सगळ्या गावाला मतं फुटली. ज्यांनी जन्मात सायकलवर टांग टाकली नव्हती, ते गिअरवर बोलायला लागले!

मोटार मुळशीच्या धरणावरच्या एका साहेबाची. बसकी, उघडी, लांब नाकाची हिरवी विलायती एमजी, आणि आत सीटं दोनच. साहेबाची बदली झाली होती. असली गाडी घेणार कोण, म्हणून तो ती जुन्या फियाटीपेक्षाही स्वस्तात द्यायला निघाला. त्याचा ड्रायव्हर होता जयसिंग, गेणबाचा मुलगा, लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आलेला. तो म्हणाला, मीच घेतो. रविवारपर्यंत चालवून बघायला म्हणून घरी घेऊन आला आणि साळूबाईच्या चहाच्या हॉटेलापुढं उभी केली.

जयसिंगची बायको रत्नाबाई हॉटेलाच्या मागच्या दाराशी दुधाची चरवी घेऊन थांबली होती. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"इंजिन खणखणीत हाय," एष्टीचा ड्रायव्हर कोंडिबा सांगत होता. "आन् गिअर बघा, हाताखाली, जमिनीतनं वर आल्याला. फियाटीचा गिअर स्टेरिंगला, छत्री मिटल्यागत वाटतं. ह्यो कसा, टाकला की हाताला कळतं, पडला म्हणून."

"पर हिच्यात एक आजारी मेंढरू तरी मावंल का?" धुळाजी धनगरानं विचारलं. त्याची मेंढरं माळावर बसली होती. "मग तिला गाडी तरी कशाला म्हणायची?"

"शर्यतीच्या खोंडाला कुनी मोटंला जुपतं व्हय?" कोंडिबा म्हणाला.

गेणबानं बशीतला चहा संपवला. "त्याच पैशात जुनी जीप आली असती. धा मानसं बसली असती, वर वैरण. आन् म्हनं हिचा जोर मागच्या चाकाला! आरं, ओढणारा पुढंच असतो. बैल कदी मागनं ढकलतो का?"

जयसिंग फडक्यानं काच पुसत होता. "आबा, मागची चाकं ढकलत्यात, पुढची निस्ती वळत्यात. ज्याचं त्याला काम. म्हनून हातात हलकी वाटती."

रत्नाबाईचं डोकं तडकलं. काय माणूस आहे हा! घरात आग लागलीय आणि हा चाकांची कामं वाटत बसलाय!

आग लागली होती खरीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. गेल्या आठवड्यात गेणबा लवळ्याला जाऊन जयसिंगसाठी दुसरी मुलगी बघून आला होता. एक बायको असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी आली होती, पण तो कायदा बहुतेक पायीच येत होता, भुकुमला अजून पोचला नव्हता. रविवारी लवळ्याला होकार कळवायचा होता. आणि जयसिंग? हो म्हणेना, नाही म्हणेना. सकाळी तिनं सगळा धीर गोळा करून विचारलं होतं, "आवं, लवळ्याचं काय ठरलं?" तर हा गाडीखाली आडवा! "थांब जरा, नट बसवू दे," म्हणाला. ती घरी येऊन चुलीपुढं बसली आणि भाकरी करपेपर्यंत रडली.

रविवारी गेणबानं अट घातली. त्याची वस्ती रस्त्यापासून वर, मुरमाच्या चढावर. दारापर्यंत चढली तर घे, नाही तर साहेबाला परत. सगळा गाव बघायला जमला.

गाडी निम्म्या चढापर्यंत झोकात गेली. मग मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली आणि मुरूम उडाला.

"उलाळ हुतीया!" गेणबा ओरडला. "पुढं पडा रं, पुढं!"

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. त्यालाच उलाळ म्हणतात. चढावर उलाळ म्हटलं की जो तो पुढं धावणार, हे इथल्या माणसाच्या रक्तातच. सगळे धावले आणि मोटारीच्या लांब नाकावर आडवे पडले. गेणबा पडला, धुळाजी पडला, आणि रोज एष्टी चालवणारा शहाणा कोंडिबासुद्धा पडला! चाकं आणखीच फिरली. मागं उभ्या साळूबाईचं लुगडं मुरमानं भरलं.

"उतरा! वजन मागं पायजे, मागं!" जयसिंग घसा फोडून सांगत होता. ऐकतंय कोण!

रत्नाबाईनं ऐकलं. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण मागं बसणं तिला कुणी शिकवायला नको होतं. लग्न झाल्यापासून प्रत्येक बैलगाडीत ती मागच्या कडेलाच बसली होती, पाय खाली सोडून, तोंड मागं करून. गेलेला रस्ता तेवढा तिला दिसायचा. तिनं पदर खोचला.

"साळूआक्का, या. बसू."

"मी? आगं, मोडंल की!"

"मोडू द्या."

दोघी गाडीच्या पाठीला टांगलेल्या जादा चाकावर चढून बसल्या. आता सून गाडीवर चढलेली म्हटल्यावर सासऱ्यानं तिच्यासमोर पालथं कसं पडून राहायचं? गेणबा लाजून उतरला, त्याच्यामागं बाकीचे उतरले. चाकांनी मुरूम धरला. जयसिंगनं हलक्या पायानं पहिला गिअर रेटला आणि गाडी गुरगुरत थेट दारात जाऊन थांबली. साळूबाई "आई गं, आई गं" करत उतरली आणि मग पोट धरून हसत सुटली.

गेणबा धापा टाकत वर आला. "चढली, कबूल. पर उद्या लवळ्याची आली म्हंजे? एक हितं बसंल. दुसरीला कुटं बसवशील?"

जयसिंगनं इंजिन बंद केलं.

"म्हनून तर ही घेतुया, आबा. जीपमधी जागा उरती."

कोंडिबानं टोपी काढून झटकली.

"लवळ्याला न्हाई म्हनून कळवा," जयसिंग म्हणाला. बापापुढं तो असं आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता.

रत्नाबाई मागून खाली उतरली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि रागही मावत नव्हता. "आवं, मग ह्ये आदी सांगाया काय झालं हुतं? आठ दिस जीव टांगून ठेवला माजा!"

"मला बोलाया जमत न्हाई, रत्ना. गाडी आणली."

तिनं डोळे पुसले. सासरा समोर उभा होता, अर्धा गाव उभा होता. डोक्यावरचा पदर नीट करून ती पुढं आली, बुटकं दार उघडलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसली.

"चला," ती म्हणाली. "निरोप कशाला धाडायचा? आपुनच जाऊन सांगू. त्या पोरीला तरी का ताटकळत ठेवायचं?"