लेडीज क्लासच्या दारावर

ही गोष्ट एकोणीसशे छप्पन सालच्या नोव्हेंबरातली. दिवाळी नुकतीच झाली होती, द्वैभाषिक राज्य परळ-लालबागच्या डोक्यावर आणून बसवलं होतं, आणि गिरणगावात कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळी मोर्चा, संध्याकाळी सभा, मधल्या वेळात जमलं तर सिनेमा, असे ते दिवस.

त्या काळी थिएटरात बायकांची तिकीटखिडकी वेगळी, बसायची जागा वेगळी, आणि त्या जागेच्या दारावर तिकीट फाडायला बाईच असायची. परळच्या एका थिएटरात हे काम गंगूबाईकडे होतं. मालवणकडची, पन्नाशीला टेकलेली, नऊवारीच्या ओच्यात बॅटरी खोचलेली. अंधारात जागा दाखवता दाखवता, रडणारी पोरं बाहेर नेऊन आणता आणता ती सिनेमा बघायची. तीन खेळांत तिचं मत तयार व्हायचं, आणि ते ऐकल्याशिवाय बायका खिडकीत पैसे सरकवत नसत.

"गंगूबाय, कसो आसा गो?"

"पयली दोन गाणी बघा नि घराक जावा. पुढे नुसती रडारड."

किंवा, "हिरोईन बरी आसा, पण तिचो बापूस कित्याक मरता ता तेकाच ठावक नाय."

मॅनेजर मनमोहनराव गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. कोटाचं वरचं बटणही उघडं न ठेवणारा माणूस. "गंगूबाई म्हणजे आमचं वर्तमानपत्र," असं ते चारचौघांत कौतुकाने सांगत.

हे कौतुक एका शुक्रवारपर्यंत टिकलं. त्या दिवशी थिएटरच्या मालकाने स्वतः काढलेला सिनेमा लागला. हिरो मालकाचा भाचा, आणि गोष्ट गिरणी कामगाराची. शनिवारी बायकांची रांग फुटपाथवर गेली. गंगूबाईने शुक्रवारचे तिन्ही खेळ बघितले होते.

"गिरणीतलो कामगार म्हणे!" ती म्हणाली. "केसात कापसाचो एक तूस नाय. पाळी सुटली तरी शर्टाची घडी तशीच. संप होता, तर ह्यो बागेत गाणा म्हणता, आणि मालक रडत येऊन सगळ्यांक कामावर घेता. असो मालक खयच्या गिरणीत आसा ता माका सांगा. मी आजच घोवाक धाडतंय!"

रांग हसून लोटपोट झाली, कारण तिचा घोव, म्हणजे नवरा, सगळ्यांना माहीत होता. गुणाजी, गिरणीत मागावर बसणारा साचेवाला. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला, दोन महिने तुरुंगात होता, आणि सुटून आल्यावर गिरणीने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. घर गंगूबाईच्या पगारावर चाललं होतं. हसता हसता अर्धी रांग मोडली आणि घरी गेली.

मनमोहनरावांनी तिला ऑफिसात बोलावलं. "तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा. कुणी विचारलं तर गप्प राहायचं. कळलं?"

रविवारी ती गप्प राहिली. बायका विचारत आणि ती तिकिटं फाडल्यासारखी हवेत बोटं चाळवत उभी. "गंगूबाय बोलत नाय?" मागून एकजण म्हणाली. "मगे नक्कीच वायट आसतलो!" रविवारच्या गर्दीच्या खेळाला बायकांच्या वर्गात चौदाजणी बसल्या. गंगूबाईने रिकाम्या खुर्च्यांवरून एकदा बॅटरी फिरवली आणि विझवली.

संध्याकाळी मनमोहनरावांचं वरचं बटण उघडं होतं. "मालकांचा फोन होता. उद्या बायकांचा वर्ग भरला नाही तर तुमच्या जागी तिकीटखिडकीवरची कालिंदी उभी राहील. माझ्या जागी कोण, ते मला ठाऊक नाही. एक वाक्य बोला, गंगूबाई. चांगला आहे म्हणा. त्यात काय कुणाचा जीव जातो?"

सोमवारी सकाळी तिने हे गुणाजीला सांगितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. "मगे बोल की. पिक्चर तो, राज्य नाय."

"आणि गिरणीवाले तुका माफीचो कागद लिवन दी म्हणालले, तेव्हा तू कित्याक नाय दिलंस?"

"ता येगळा."

"कसा येगळा?"

गुणाजीने पेपराची घडी घातली, परत उघडली, आणि बादली उचलून तो नळावर गेला. तिने झाडलेली खोली पुन्हा झाडली. मग चूल पुसली. मग काहीच उरलं नाही, म्हणून ठरल्या वेळेच्या तासभर आधीच ती थिएटरवर येऊन उभी राहिली.

तीनच्या खेळाला रांगेत पहिली होती जाईबाई. लालबागची, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली. तिच्या दंडाला धरून तिची सासू, देवगडकडची, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला.

"गंगूबाय, म्हातारीक जन्मात एक पिक्चर दाखवचो आसा. उद्या बोटीन गावाक जातली. मी कामावर खाडो केलंय. ह्यो दाखवू, का हिंदमाता थेटरात नेऊ?"

सगळी रांग ऐकायला थांबली. खिडकीच्या काचेमागे मनमोहनराव उभे होते. म्हातारी नवं लुगडं नेसली होती. त्याची घडी अजून मोडली नव्हती.

"चांगलो आसा," गंगूबाई म्हणाली. "दाखव."

"गंगूबाय चांगलो म्हणता!" रांगेत मागपर्यंत पोचलं. पंधरा मिनिटांत बायकांचा वर्ग भरला.

त्या खेळाला गंगूबाई एका जागी ठरली नाही. आत जाई, बाहेर येई, पडदा सारखा करी, पाणी पिई. आतून आधी खोकल्याचे आवाज आले, मग नको त्या जागी हसू, शेवटी तेही थांबलं. पडद्यावरचा मालक रडत कामगारांना घ्यायला आला तेव्हा तीन-चारजणी उठून चालू लागल्या होत्या.

सुटताना बायका घाईघाईने बाहेर पडल्या. म्हातारी मात्र खुशीत होती. "बरो नाचता गो झील," ती हिरोबद्दल म्हणाली. "पण कामाक कधी जाता?"

गंगूबाईने जाईबाईकडे बघितलं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण जाईबाईने तिच्या हातावर हात ठेवला. "असांदे गो. गुणाजी घराकडे बसलोहा. पोट सगळ्यांकच आसा."

मंगळवारपासून तिला कुणी विचारलं नाही. बायका तिकीट पुढे करत, ती फाडे. नोकरी होती, पगारही वेळेवर मिळणार होता. तरी ती दारावर उभी राहू शकेना. दहा वेळा बॅटरी लावून बघी, दहा वेळा विझवी.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला आणि तो खरंच चांगला निघाला. शनिवारी तिने न विचारताच सांगितलं, "ह्यो बघा. खरोच चांगलो आसा."

"सोमवारच्यासारखो?" एका बाईने विचारलं. दोघी-तिघी फिसकन हसल्या, आणि रांग सैल व्हायला लागली.

गंगूबाई दारावरून उतरली ती थेट रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"सोमवारी मी खोटा बोललंय," ती म्हणाली. आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. "पिक्चर वायट होतो. मालकाच्या भाच्याचो. नोकरी जायत म्हणान चांगलो म्हटलंय."

"गंगूबाई, आत या," मनमोहनराव धावत आले.

"येतंय सायबानू, येवढा सांगान येतंय. जाईबायच्या सासूक जन्मात एकच पिक्चर बघूचो होतो, तो मी नासवलंय. आता ह्यो चांगलो आसा. बघूचो तर बघा, नको तर जावा."

मग जिने टोमणा मारला होता त्याच बाईने खिडकीत पैसे सरकवले. "एक दी," ती म्हणाली. तिच्यामागे दुसरी आली.

मनमोहनरावांनी हात पुढे केला. गंगूबाईने ओच्यातली बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली.

"मला तुम्हाला ठेवता येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"ठावक आसा."

मालकाच्या भाच्याने आणखी दोन सिनेमे केले. मग तो मामाच्या रंगाच्या दुकानात बसू लागला, आणि दुकानदार म्हणून चांगला निघाला. मनमोहनराव निवृत्त होईपर्यंत त्याच थिएटरवर राहिले. कालिंदी प्रत्येक सिनेमा चांगलाच म्हणायची, त्यामुळे तिला कुणी विचारत नसे. पुढे बायकांचं वेगळं दारच बंद झालं. गुणाजीला गिरणीने शेवटपर्यंत घेतलं नाही. तो एका इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागला, आणि साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी रजा न घेता ड्युटीवर होता. जाईबाई ब्याऐंशीच्या संपापर्यंत वाइंडिंगमध्ये होती. तिच्या सासूने दुसरा सिनेमा बघितला नाही. पण शिमग्याला गावच्या बायका जमल्या की ती तोच सांगायची, आणि तिच्या सांगण्यात तो झील रोज वेळेवर कामावर जायचा.

गंगूबाईने लालबागला दोन खोल्यांत खानावळ काढली. पहिले काही महिने फार ओढाताणीचे गेले. पण संध्याकाळी दारात कुणी ना कुणी बाई येऊन उभी राहायची, अमका पिक्चर कसा आहे विचारायला. गंगूबाई भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "बघूक नाय गो मी. कसा सांगू?"