खंडेनवमीला पुजलेलं कार्ड

एक ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी पावणेअकरा वाजता वारूळवाडीतल्या एका घरात स्नेहलने दाराच्या चौकटीवर तीनदा कपाळ आपटलं. चार टाके पडले. त्या वेळी मी तिच्यापासून चार हातांवर, झेंडूच्या फुलांखाली होतो.

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे, तळहाताएवढा. माझ्यावर उघड्या पंजाचं चित्र आहे, खाली 'पुरे' असं लिहिलं आहे आणि वर प्लॅस्टिकचं आवरण आहे. घरात मला कार्ड म्हणतात.

स्नेहल सतरा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. ती बोलत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती मनगट चावायची, ताटं फोडायची, डोकं आपटायची. नारायणगावहून शिकवायला येणाऱ्या वैजयंतीताईंनी पंधरा दिवस नुसतं पाहिलं आणि वहीत टिपून ठेवलं. बहुतेक वेळा ती बिथरण्याआधी एखादं मशीन सुरू झालेलं असे. गोठ्यातलं कडबा कापायचं कुट्टी मशीन, नाहीतर मिक्सर. मग त्यांनी मला बनवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटपट्टीवर लावलं.

शिकवणं साधं होतं, पण रोज करावं लागे. स्नेहलची आई रत्ना मिक्सर सुरू करी. स्नेहल बिथरण्याआधीच ताई मागून तिचा हात धरत, मला दारावरून काढायला लावत आणि रत्नाच्या हातात देववत. मिक्सर त्याच क्षणी बंद. असं दिवसातून वीस वेळा. अकराव्या दिवशी तिनं मला आपणहून काढलं.

आजोबा कुशाबांना हे पटलं नव्हतं.

"कागद दाखवला की मशीन बंद? मग उद्या घरच चालवंल की ही."

"घर आत्ताही तीच चालवतेय, आजोबा," ताई म्हणाल्या. "डोकं आपटून."

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं मला पुढे करताच कुट्टीचा खटका कुशाबांनी स्वतः पाडला. पुढे तिला थोडं थांबायला शिकवलं. कुशाबा दहापर्यंत आकडे मोजत, मग मशीन बंद करत. मनगटावरचे व्रण भरले. बेल्ह्याच्या बाजारात म्हातारा बैलांपेक्षा माझंच कौतुक जास्त सांगतो, असं रत्ना म्हणे. माझे कोपरे झिजले, आवरणावर हळदीचे डाग पडले.

खंडेनवमीला या घरात अवजारं धुऊन पुजतात आणि दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. कुशाबांनी विळे, कोयता, पाना मांडला. मग मला दारावरून काढलं, पुसलं, कुंकू लावून मधोमध ठेवलं. कुट्टी आज बंदच, मग कार्डाचं काय काम, असा त्यांचा हिशेब होता.

पुरणासाठी रत्नानं मिक्सर लावला. स्नेहल दाराशी गेली. तिथं नुसती चिकटपट्टी होती. तिनं मला फुलांत शोधलं आणि हात घातला. कुशाबांनी तिचं मनगट धरलं.

"आज हात लावू न्हाई, बाळ. उद्या घे."

मिक्सर चालूच होता. पुढचं वर सांगितलंच आहे.

"देवापुढं ठेवलं व्हतं, ताई," कुशाबा नंतर म्हणाले. "अडगळीत न्हाई टाकलं."

"ठाऊक आहे. पण ती मागत होती."

मी त्याच संध्याकाळी दारावर परत आलो. तेव्हापासून स्नेहलनं मला आपणहून घेतलेलं नाही. तिनं मनगट पुन्हा सहा वेळा चावलं. ताईंनी पहिल्या दिवसापासूनचं शिकवणं परत सुरू केलं आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला जपायचं असेल तर तिला मळू द्या, झिजू द्या. पण जिथे हात पोचतो तिथून हलवू नका, पूजेसाठीसुद्धा.

आज एकोणीस नोव्हेंबर, संध्याकाळचे पाच. दारासमोरच्या गोठ्यात कुट्टी सुरू झाली आहे. स्नेहल माझ्यापुढे उभी आहे. तिनं माझा एक कोपरा उचलला आणि सोडून दिला. कुशाबांचा हात खटक्यावर आहे. मशीन अजून चालू आहे.