मोहबेगमचं कोपर

ताजिकिस्तानातल्या इस्तरवशन शहरात, त्या गल्लीत वीस वर्षं लोक मोहबेगमच्या तंदूरची रोटी खात होते. या उन्हाळ्यात जर्दाळू काढताना ती शिडीवरून पडली आणि उजव्या कोपराचा चुरा झाला. डॉक्टरांनी प्लेट आणि स्क्रू घालून हाड जोडलं आणि बजावलं, "उद्यापासून हात हलवायचा. दुखलं तरी."

तिनं एकदाच हलवला. अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. आत सगळं पुन्हा निखळलं असंच तिला वाटलं. मग तिनं ओढणीनं हात छातीशी बांधला आणि सहा आठवडे सोडला नाही. सून निगोरानं टोकलं की म्हणायची, "तुझं कोपर मोडलंय का? मग गप बस."

सातव्या आठवड्यात दवाखान्यातली व्यायाम करून घेणारी गुलरू आली. तिनं हात सरळ करू पाहिला, तो काटकोनातच अडला.

"खाला, हा बांधून का ठेवलात?"

"हाड जुळू दे म्हटलं."

"हाड जुळतंय हो. पण सांधा धरलाय."

मग रोज दहा वाजता गुलरू यायची. मोहबेगम दातांत रुमाल धरायची. दाराची कडी वाजली की तिचा खांदा आपसूक कानाशी चढायचा. महिन्याभरात हात जेमतेम चार बोटं उघडला.

एका सकाळी तंदूरपाशी रोट्या लावायला बसलेल्या निगोराला ती म्हणाली, "सरक. आज मी लावते."

"आई, राहू द्या ना."

"सरक म्हटलं ना!"

कच्ची रोटी घेऊन ती तंदूरच्या तोंडात वाकली. चेहरा भाजला, पण हात भिंतीपर्यंत पोचेना. आणखी रेटावं तर कळेची भीती. तिनं रोटी तशीच फेकली. ती भिंतीला ओझरती लागून निखाऱ्यांत पडली.

मोहबेगम खाली बसली. निगोरानं जळकी रोटी चिमट्यानं काढली आणि उरलेल्या भराभर लावल्या. छान फुगल्या त्या.

त्या दिवशी मोहबेगमनं गुलरूला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

"आता सोडलंत तर हात इथेच राहील, खाला."

"राहू दे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. कुणी आलं नाही. आज दुखणार नाही, या विचारानं तिला हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.