पिंगळ्याच्या मोहाभोवती

वरवट बकालच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला दयारामचा वांग्याचा मळा. तो गावच्या वनसमितीचा अध्यक्ष, आणि त्याची बायको भार्गवी त्याच जंगलाची वनरक्षक. ती पश्चिम महाराष्ट्रातल्या मलकापूरची, पण चार वर्षांत वऱ्हाडी बोलायला शिकलेली.

माघात घाणेरीचं रान वाळून कडकडीत झालं. वणवा लागला तर थेट मळ्यात उतरणार, म्हणून समितीनं झुडपं विरळ करून आग अडवणारी जाळरेषा रुंद करायचं ठरवलं.

"आधी पाहणी," भार्गवी म्हणाली. "कोन्त्या झाडात कोन राह्यते ते पाह्यल्याशिवाय कोयता लावता येत नाही. नियम हाय."

"आग नियम वाचून येते काय वो?"

"नाही. म्हनून तुमी चला संगं, लवकर होईन."

तो कुरकुरत गेला. एका जुन्या मोहाच्या ढोलीत रानपिंगळ्याची पिल्लं निघाली. पिवळे डोळे वटारून मादी त्याच्याकडे बघत राहिली.

"तुह्यासारखीच पाह्यते," तो हळूच म्हणाला. भार्गवीनं हसू दाबलं.

वनखात्याची परवानगी आली, पण पिल्लं उडेपर्यंत त्या मोहाभोवतीची झुडपं तोडायची नव्हती. "अध्यक्षाचं घरातच चालत नाही," असं म्हणत लोकांनी बाकीचं रान साफ केलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी, पिल्लं उडायच्या आधीच, टेकडीवरून वणवा उतरला. विरळ केलेल्या पट्ट्यात ज्वाळा खाली बसल्या. लोकांनी ओल्या फांद्यांनी झोडपून त्या विझवल्या. पण मोहाकडची वाळकी झुडपं पेटली आणि तिथून आग मळ्याकडेही निघाली. भार्गवी धावत तिथं पोचली, तर दयाराम आधीच पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बुंधा भिजवत होता.

"अहो, मळा!"

"वांगे पुन्हा लावता येतीन. तू तिकडून झोडप!"

दोघं धुरात खोकत भिडली. मळ्याचा एक कोपरा होरपळला, मोहाची साल काळी पडली, पण आग ढोलीपर्यंत चढली नाही.

संध्याकाळी ती त्याच्या भाजलेल्या मनगटाला मलम लावत होती.

"गलती नियमाची नाही, उशिराची हाय," तो म्हणाला. "पुढच्या साली दिवाळी झाली का पाहणी करू. घरटे बसायच्या आधीच रान विरळ होईन. मीच मांडतो समितीत."

"अन् लोक हासले तर?"

"हासू दे. तू बोट जरा हलकं लाव."

ती मनगटावर फुंकर घालत राहिली.