अडचणीचा रकाना

नवऱ्याची बदली झाली असणार, असं ज्याने त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यातच गाठलं.

"काय गं, दुसऱ्या गावाला निघालीस म्हणे? बदली झाली वाटतं तुझ्या यांची?"

"यांची नाही काकू, माझी. म्हणजे अजून झाली नाही, मीच करून घेतेय."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी गुंडीचा गालगुच्चा घेतला.

गुंडी म्हणजे तिची दोन वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की बापाने तिला पहिल्यांदा छातीशी धरल्यावर "ही तर शर्टाची गुंडीच" असं म्हटलं, आणि पाळण्यातलं नाव मागे पडलं. बाप चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्याची कुठेही बदली व्हायची नव्हती. दुकान होतं तिथेच होतं आणि तोही.

जायचं होतं ते तिला. कायद्याचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि ते तिला पलीकडच्या शहरातल्या कॉलेजात करायचं होतं. तिकडे शेवटच्या वर्षाची मुलं भाडेकरूंच्या तक्रारी घेऊन खरोखर न्यायाधिकरणापुढे उभी राहायची. खरा माणूस, खरं घर, उद्या कुलूप लागणार की नाही याचा खरा निकाल. तसं तिच्या कॉलेजातही विधी सहाय्य केंद्र होतं. त्या केंद्रात तिचं नावही होतं. गुंडी झाली, ती सुट्टीनंतर परत आली, आणि बघते तर फलकावर तिच्या नावाच्या जागी दुसरंच कुणी. तिला ग्रंथालयात संदर्भ काढायला बसवलेलं. बाळंतपणातून उठलेली पोर, धावपळ झेपायची नाही, म्हणून प्राचार्यांनी स्वतः हलक्या कामावर टाकलं होतं. मायेने. वर्षभर तिने जुन्या निकालांची धूळ खाल्ली आणि पानागणिक तिचं डोकं तापत गेलं.

कॉलेजच्या कचेरीत सगळा कारभार मोठ्या बाईंच्या हाती. हेड क्लार्क असं त्यांच्या दारावर लिहिलं होतं, पण तसं त्यांना कुणी म्हणत नसे. ती बाबागाडी ढकलत आत शिरली तशा बाई मान वर न करता म्हणाल्या, "गाडी जरा कडेला घ्या हं, येणाऱ्याजाणाऱ्याला अडचण होते."

तिने गाडी कपाटाला टेकवली आणि काम सांगितलं.

"कायमची बदली पहिल्या वर्षानंतर मिळते. ती वेळ तुमची गेली," बाई म्हणाल्या. "आता राहिलं पाहुणी विद्यार्थिनी म्हणून जाणं. वर्षभर तिकडे शिकायचं, परीक्षा तिकडे द्यायची, पदवी मात्र आपली. दोन्ही प्राचार्यांच्या सह्या लागतात. आधी आपल्या सरांची, मग तिकडच्यांची."

"मग द्या ना अर्ज."

"देते की. पण त्यात एक रकाना आहे. अडचण. तिथे कुणी आवड नाहीतर हौस लिहिली, की अर्ज परत येतो बघा." बाई गुंडीकडे बघून कौतुकाने हसल्या. "तुमचं बरंय. तुमच्याकडे आयतीच आहे."

बाई काय म्हणतायत ते तिला क्षणभर कळलंच नाही. गुंडी गाडीचा पट्टा चघळत होती.

"लिहा, मूल लहान, घरी सांभाळायला कोणी नाही, तिकडे जवळचे नातलग आहेत. सर डोळे मिटून सही करतात. मागे एकाने वडिलांचं आजारपण लिहिलं होतं. वडील स्वतः अर्ज घेऊन आले, जिना पळत चढून."

"तिकडे माझं कुणीच नाही हो."

"अहो, कागदावर असतं."

घरी आल्यावर तिने हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता थांबल्या.

"सांभाळायला कोणी नाही? मग मी कोण, भिंतीतली खुंटी?"

"आई, मी नाही म्हटलं. बाई म्हणाल्या."

"बाईंना म्हणावं या घरी, भेटवते. तिकडे मी येणार आहे, हे ठरलंय ना आपलं? पोरगी माझ्याजवळ, तू तुझ्या कामाला."

"आणि हे?"

"तो राहील इथे. भिंगं घासतो तशी भांडी घासेल. शनिवारी येईल भेटायला, लेकीच्या ओढीने पळत येतो की नाही बघ."

दुपारी गुंडी झोपली ती आईचं बोट मुठीत धरूनच. ते सोडवून घ्यायला गेलं की ओठ थरथरायचे. म्हणून तिने तसाच, एका हाताने, पलंगाच्या काठावर अर्ज लिहायला घेतला. बाकीचे रकाने भराभर झाले. अडचणीपाशी आल्यावर तिने मुकाट्याने बाईंचं ऐकायचं ठरवलं. एका ओळीचा तर प्रश्न होता. जग असल्याच ओळींवर चालतं. तिने लिहिलं, माझ्या लहान मुलीमुळे.

आणि त्या 'मुळे'वर पेन अडलं.

गुंडीच्या कपाळावर घामाने केस चिकटले होते. झोपेतही ती काहीतरी चोखत असल्यासारखी ओठ हलवत होती. हिच्यामुळे काय काय झालं होतं? हिच्यामुळे ती पहाटे उठायला शिकली होती, कडेवर पोर आणि हातात पुस्तक घेऊन उभ्याउभ्या पाठ करायला शिकली होती, आणि रडणाऱ्या माणसाशी कसं बोलावं हेही. हिच्यामुळे अडलेलं असं एक काम तिला आठवेना. अडवलं होतं ते दुसऱ्यांनी, आणि पावती फाडली होती या एवढ्याशा जिवाच्या नावावर.

तिने ती ओळ खोडली. मग रकान्याखालची बारीक अक्षरं वाचली, जी कुणीच वाचत नाही. 'सध्याच्या संस्थेत शिक्षण पूर्ण करताना विद्यार्थ्यास येणारी अडचण नमूद करावी.' मूल असावं, आजारी बाप असावा, असं कुठेच नव्हतं. मागितली होती ती शिक्षणातली अडचण.

मग नवा कोरा अर्ज घेऊन तिने ठळक अक्षरांत लिहिलं: 'अडचण: माझं सध्याचं महाविद्यालय.' त्याखाली चार ओळींत केंद्र, फलक, न विचारता कमी केलेलं नाव. आणि शेवटी: 'मला एक मुलगी आहे. तिचा या रकान्याशी काही संबंध नाही.'

संध्याकाळी नवऱ्याने कागद दिव्याखाली धरून वाचला, एकदा चष्म्यातून आणि एकदा चष्म्यावरून.

"फारच स्पष्ट दिसतंय हे."

"मग बरंच आहे की."

"सरांचं डोकं दुखेल. नव्या नंबरचा चष्मा लागला की सगळ्यांचंच दुखतं पहिले काही दिवस." मग कागद खाली ठेवत तो म्हणाला, "आणि नाहीच केली सही तर? वर्ष त्यांच्याच हाताखाली काढायचंय मग तुला. तेही रागावलेल्या सरांच्या."

हे तिलाही दिसत होतं. सही नाही म्हणजे तिकडचं दार बंद आणि इकडे ग्रंथालयातली तीच खुर्ची, वर सरांची वाकडी नजर. पण रात्री गुंडीला थोपटताना तिने कागद पुन्हा एकदा मनात वाचला आणि एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

प्राचार्य वाईट माणूस असते तर सोपं गेलं असतं. ते चांगले होते, हीच तर पंचाईत. खोलीत त्यांच्या टेबलामागे पुस्तकं छतापर्यंत आणि खिडकीत त्यांनी स्वतः पाणी घालून वाढवलेल्या कुंड्या.

"ये बाळ, बस," ते म्हणाले, तशी गुंडीनेही मान वर केली.

त्यांनी अर्ज उघडला. पेनाचं टोपण काढलेलंच होतं. मग रकान्यापाशी पेन हवेत राहिलं.

"हे काय आहे?"

"अडचण, सर."

"आम्ही?"

"रकान्यात तेच विचारलंय."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी नाव काढलं. कोर्टाच्या खेपा, ते जिने, ती गर्दी. अंगावर पिणारं पोर होतं तुझं."

"हो सर. पण मला विचारलं नाहीत."

"तू दवाखान्यात होतीस!"

"तिथे फोन लागतो, सर. माझ्या मावशीचे तर रोज तीन यायचे."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. गुंडी तिच्या मांडीवरून सरकत पेपरवेटकडे निघाली होती, तिला तिने परत ओढून घेतलं. सरांचा आवाज खाली आला.

"बरं, चुकलं असेल. असं करू, केंद्रात घेतो तुला. सोमवारपासून ये. हा कागद फाडून टाक. कशाला परक्या गावात बिऱ्हाड मांडतेस? घर इथे, नवरा इथे."

याची तिने तयारी केली नव्हती. नाही ऐकायची केली होती, ओरडणं ऐकायची केली होती. हे मात्र हवंहवंसं होतं. आपलंच घर, नवऱ्याने शनिवारची वाट बघायला नको, सासूबाईंना या वयात नवा जिना नको. तिच्या तोंडाशी 'हो' आलं होतं.

"आणि सर, पहिल्या वर्षाला ती एक आहे ना, तिला सातवा महिना लागलाय. ती सुट्टीवरून येईल तेव्हा?"

"तिचं तिच्या वेळी बघू."

"म्हणजे तिचं नाव आधी कमी होणार, मग तिने येऊन भांडायचं. आपण तसा काही नियम केलाय का?"

"कसला नियम? माया म्हणून केलं मी ते!" सर दुखावले होते, आणि ते खरं होतं.

"तेच म्हणते, सर. नियम असता तर अपील केलं असतं. मायेविरुद्ध अपील कुठे करतात?"

सरांनी पेन टेबलावर ठेवलं. गुंडीने एक लांब जांभई दिली.

"नियम लिहून लावा," ती म्हणाली, "की विचारल्याशिवाय कुणाचं नाव काढणार नाही. आत्ता फलकावर लावा. मी इथल्या इथे कागद फाडते."

"प्राचार्यांनी विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून नियम लावायचे? उद्या सगळेच येतील."

"यावं की."

"आणि मी सही केलीच नाही तर?"

"तर नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. दुसऱ्या वर्षाला तुम्हीच शिकवलंत. दोन तास घेतले होते त्यावर."

सरांनी खरोखरच कोरा कागद पुढे ओढला. 'सदर अर्ज नामंजूर करण्याचे कारण' एवढं लिहिलं. मग ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मजकूर खोटा आहे असं लिहिता येत नव्हतं. खरा आहे म्हणून नामंजूर, असंही नाही.

"उद्धट झालीस तू," ते अखेर म्हणाले.

"मग कारण म्हणून तेच लिहा, सर. भाडेकरूंसाठी भांडायला उद्धट माणूस लागतोच."

त्यांनी कोरा कागद चुरगळला. अर्ज ओढला, सही केली आणि सहीच्या वर लिहिलं, 'मजकूर महाविद्यालयास मान्य नाही.' शिक्का मात्र इतक्या जोराने मारला की गुंडी दचकली आणि मग टाळ्या वाजवत ओरडायला लागली, "पुन्हा, पुन्हा!"

"नाही गं, एकदाच असतं ते," सर तिला म्हणाले. आवाज अजून रागाचाच होता.

बाहेर मोठ्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "असंही लिहिता येतं होय," एवढंच म्हणून त्यांनी तो पाकिटात घातला.

पलीकडच्या कॉलेजातून उत्तर आलं ते फोनवर. तिकडचं केंद्र चालवणाऱ्या बाई बोलत होत्या. पाठीमागे माणसांचा गलका, कुणीतरी खुर्ची ओढत होतं.

"तुमच्या प्राचार्यांना मजकूर मान्य नाही म्हणतात."

"हो. मला आहे."

"ते दिसलंच. हे बघा, आमच्या सरांनी एका सत्राला हो म्हटलंय. पुढच्या सत्राचं तेव्हा बघू म्हणाले. तक्रार घेऊन येणारी पाहुणी म्हणजे जरा जपून, असं आहे त्यांचं. एका सत्रासाठी एवढी उठाठेव करणार का, ते तुम्ही ठरवा. विचार करून कळवा."

"कळवलं, मी येतेय," ती म्हणाली. "पण पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवणार असाल तर आत्ताच सांगा. पहिल्या दिवसापासून काम हवंय."

पलीकडे हसू फुटल्याचा आवाज आला. "बसायला खुर्ची मिळाली तर नशीब. या."

सासूबाई दारात उभ्या होत्या, गुंडी कडेवर.

"झालं का?"

"अर्धं झालं, आई. एकच सत्र म्हणतात, थंडी पडायच्या आत संपतं ते. पुढचं नंतर बघू म्हणे."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे तिकडे गेल्यावर मी बघते त्यांच्याकडे."

सासूबाईंनी गुंडीला तिच्या हातात दिलं, पदर खोचला आणि कपाटावरची मोठी बॅग खाली ओढली.

"मग पोरीचे लोकरीचे कपडेही आत्ताच टाकते," त्या म्हणाल्या.