कुंकू लावलेला पाट

मित्रांनो, मी एक जुना, बुटका पाट आहे. परंतु माझ्यावर बसून कोणी कधी जेवले नाही. मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानी लाकडातून मला घडवले, ते केवळ पायांसाठी.

सोलापुरात भवानी पेठेत अक्कम्मांचे शालेय गणवेशांचे दुकान आहे. तेथे चांदसाब मास्तर उंच मेजापाशी उभे राहून कापड बेततात. बसून कात्री लांबवर चालत नाही. दिवसभर उभे राहून त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत, कंबर भरून येई. म्हणून अक्कम्मांनी मला करवून घेतले. मास्तर कधी डावा, कधी उजवा पाय माझ्यावर टेकवीत. तो पाय विसावे आणि कमरेचा ताणही सैल होई. ते पाय बदलायला विसरले की अक्कम्मा हटकत, "मास्तर, खांब हाय का तुमी? पाय बदला की!"

तो भार हेच माझे सुख होते.

एका खंडेनवमीला अक्कम्मांनी कात्री आणि शिलाईयंत्रे पुजली, अन् कृतज्ञतेने मलाही हळदकुंकू वाहिले. दसऱ्यानंतर मास्तर कामावर आले, मला पाहून थबकले आणि मला दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उंच फळीवर ठेवले. अक्कम्मांना वाटले, मास्तरांना आता माझी गरज उरली नाही. दोघेही सज्जन, म्हणून दोघेही गप्प.

वर मला मान होता, सोबत नव्हती. अंगावर धूळ साचली, कुंकू वाळले. खाली मास्तर मेजावर कोपर रोवून कण्हत आणि मी हाकेच्या अंतरावर असूनही मुका. देवत्व इतके एकाकी असते, हे मला ठाऊक नव्हते.

उन्हाळा आला, गणवेशांची घाई सुरू झाली. एके दुपारी मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"अक्का, शाळा उघडल्या की दुसरा मास्तर बघा. कंबर ऐकंना झालीया."

"अय्यो! मग पाट का सोडला?"

"सोडला न्हाय. तुमी कुंकू लावलं त्याला. माझा पाय कसा ठिवू?"

"येवढंच व्हय? आन् मला वाटलं, तुमालाच नकोसा झाला!"

अक्कम्मांनी मला उतरवले, पदराने पुसले आणि मेजाखाली ठेवले. तरी मास्तरांचा पाय उचलेना. तेव्हा अक्कम्मांनी चप्पल काढून स्वतःचा पाय माझ्यावर ठेवला.

"घ्या, पयला माझा लागला. आता तुमचा."

मास्तर हसले. "पाप लागलं तर अर्धं अर्धं, अक्का." आणि त्यांचा सुजलेला पाय हळूच माझ्यावर विसावला.

शाळा उघडल्या. मास्तर अजून त्याच मेजापाशी आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी वा दुकानी कोणी दिवसभर उभे राहत असेल, तर त्याच्या पायांकडे एकदा पाहा. माझ्यासारख्याची पूजा अवश्य करा. मात्र पूजा आटोपताच त्याला पुन्हा पायाखाली ठेवा.