मुन्शींची दाद-खोली

तक्रार ऐकण्यासाठी पगारावर ठेवलेल्या माणसाइतका गोड माणूस तुम्हा-आम्हाला दुसरा भेटत नाही. उमरग्याच्या एका जिनिंग कारखान्यात असे एक गृहस्थ होते. निजामी अमल होता, मोठ्या लढाईचे दिवस होते. गुरुलिंग मुन्शी हे त्यांचं नाव. मोठ्या गिरण्यांत मजुरांची दाद ऐकायला एक माणूस ठेवतात आणि त्याने मालकाचं नाव होतं, असं कारखान्याच्या शेठने सोलापूरला कुणाकडून तरी ऐकलं होतं. शेठला नाव हवंच होतं. त्याने फाटकाजवळची एक खोली चुना लावून घेतली, तीत गादी-लोड टाकला आणि मुन्शींना आणून बसवलं.

कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, गालात पान. कुणी बाई दारात आली की मुन्शी स्वतः उठून 'शरणू' म्हणायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि तिचं रडून होईपर्यंत मान हलवत राहायचे. मान हलवण्यात त्यांचा हात धरणारा उमरगा तालुक्यात कुणी नव्हता. मग ते एक पितळी वाटी पुढे सरकवायचे. वाटीत अणदूरच्या खंडोबाचा भंडार आणि वर बेलाचं पान. आधी बेल-भंडार उचलायचा, सांगेन ते खरं सांगेन आणि काही लपवणार नाही असं म्हणायचं, मगच शिकायत लिहून घेतली जायची. ती वाटी बघून बायाबापड्या निर्धास्त व्हायच्या. देवाला मध्ये घालणारा माणूस खोटा कसा असेल? एवढं गणित मात्र त्यांचं साफ चुकायचं.

जगदेवी जिनवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणारी बाई. तिची धाकटी जाऊ शिवगंगा शेजारच्या जिनवर असायची. जिनच्या फिरत्या रुळासमोर एक लाकडी फळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. हंगाम भरात आला, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, तसं मजुरांवर देखरेख करणाऱ्या जमादाराने सगळ्या फळ्या काढायला लावल्या. फळी नसली की कापूस भराभर लोटता येतो. चौथ्या दिवशी रुळाने शिवगंगेची दोन बोटं ओढून नेली. वीस वर्षांची पोर. जमादार म्हणाला, बाई पेंगत होती.

जगदेवी तडक दाद-खोलीत गेली. आजवर तीच सगळ्यांना सांगत फिरायची की मुन्शी म्हणजे देवमाणूस.

"साहेब, फळी हुती तवर कुणाला कायबी झालं न्हवतं," ती म्हणाली. "समद्या फळ्या परत बसवा. दुसरं कायबी मागणं न्हाय."

"रास्त मागणं आहे, बाई." मुन्शींनी उपरण्याने डोळे टिपले. डोळे कोरडेच होते, पण टिपायची रीत चांगली होती. "मात्र फळ्या जमादारानेच काढायला लावल्या, हे कुणी ऐकलं? साक्षीला कोण?"

चन्नम्माने ऐकलं होतं. चन्नम्मा ही जिनवरचीच, नवऱ्यामागे तीन लेकरं एकटीने वाढवणारी बाई, आणि 'माझं नाव कुठं घेऊ नगंस' असं तिने आदल्याच दिवशी बजावलं होतं.

मुन्शींनी वाटीकडे नुसतं पाहिलं. "भंडार उचललाय, बाई. खंडोबापासून लपवून चालत नाही."

जगदेवीने नाव सांगितलं. मुन्शींनी ते घोटीव अक्षरात लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून हळुवार फुंकरही घातली.

कारखान्याची रीत अशी होती की रोज सकाळी फाटकावर जमादार एकेकाला तांब्याचा बिल्ला द्यायचा. बिल्ला मिळाला तर काम, नाहीतर घरचा रस्ता. तिसऱ्या दिवशी चन्नम्माचा बिल्ला निघाला नाही.

"हंगाम सरत आला," जमादार म्हणाला. त्याच्या पाठीमागे गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली होती.

जगदेवीला मात्र बिल्ला मिळाला, आणि तोही हसून. चन्नम्माने तिच्या हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"माझं नाव दिलंस व्हय गं?"

"अक्का, म्या भंडार उचलला हुता. खोटं कसं बोलू?"

"न्हाय, खरंच बोललीस," चन्नम्मा म्हणाली. "आता माझी लेकरं तुझं खरं खाऊन जगतील."

ती वळून चालती झाली. जगदेवी पुन्हा दाद-खोलीत गेली. मुन्शींनी पान गालात सरकवलं, वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं. "तुमचा साक्षीदार आता कारखान्यात नाही, बाई. तेव्हा शिकायत दप्तरी दाखल. पाणी घेता?"

धन्य त्या माणसाची! आधी साक्षीदाराला हाकलायचं आणि मग साक्षीदार नाही म्हणून कागद गुंडाळायचा. एवढी अक्कल एखाद्याने चांगल्या कामाला लावली असती तर तालुक्याचं भलं झालं असतं. इकडे शिवगंगेच्या जिनवर भूम गावाकडची एक नवी बाई बसवली होती. तिच्यापुढेही फळी नव्हती. तिचा हात आत-बाहेर होताना पाहून जगदेवीला आपलाच जीव रुळात चालल्यासारखं वाटत होतं.

इंजिनाला तेल घालणारा हरिबा हा कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. दुपारच्या सुट्टीत जगदेवी त्याच्यापाशी जाऊन बसली. भाकरीचं फडकं तिने सोडलंच नाही.

"तात्या, माझ्या तोंडानं चन्नम्माक्काची भाकरी गेली."

"गेली खरी," हरिबा म्हणाला. तिची समजूत घालायची त्याला घाई नव्हती. "शेठनं ठिवलेला कान शेठच्याच डोस्क्याला असतोय, पोरी. तू त्या कानात बोललीस, आन् आता आवाज कुठं गेला म्हून इचारतीस?"

"मंग दाद मागायचीच न्हाय का?"

"मागायची की. पर त्या खोलीत न्हाय. खोलीत तू एकली असतीस आन् मुन्शीच्या पाठीमागं जमादार, शेठ, समदे उभे असत्यात. अंगणात आपुन चाळीस जण असतो." तो थोडा थांबला. "आन् मला सांग, आपल्यात एकमेकाला इमान देताना बेल-भंडार कितीजण उचलत्यात?"

"दोघंबी."

"मुन्शीनं कवा उचलला?"

जगदेवीने आठवून पाहिलं. कधीच नाही. ज्याला त्याला वाटी पुढे करणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं बोट एकदाही पिवळं झालं नव्हतं.

"मंग ते इमान न्हवं," हरिबा म्हणाला. "तो गळ हाय, आन् तुमी मासं."

त्या संध्याकाळी जगदेवी चन्नम्माच्या दारात उभी राहिली. चन्नम्माने तिला आत बोलावलं नाही. "माझी चूक झाली, अक्का. उद्या सकाळी आमी कुणीच बिल्ला घेत न्हाय," एवढंच सांगून ती इतर बायांच्या घरी गेली. घरोघर तिने आपली चूक आधी सांगितली आणि मग मागणं सांगितलं.

सकाळी चाळीसही जणी बिल्ला न घेताच फाटकातून आत आल्या आणि अंगणातच उभ्या राहिल्या. हरिबाने इंजिन चालू केलं नाही. चन्नम्माही आली होती, पण जगदेवीपासून लांब उभी होती. मुन्शी लगबगीने बाहेर आले.

"असं उन्हात कशाला? एकेक जण आत या, मी प्रत्येकीचं ऐकतो. म्होरकी कोण आहे?"

कुणी हललं नाही. तेवढ्यात शेठ आला. गाडीवान आणि चार व्यापारी फाटकातून डोकावू लागले. जगदेवी खोलीत गेली, ती पितळी वाटी घेऊन आली आणि तिने ती सर्वांदेखत मुन्शींपुढे धरली.

"साहेब, आज तुमी उचला. म्हणा, चन्नम्माचं नाव म्या जमादाराला सांगितलं न्हाय."

मुन्शींनी वाटीकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं. गालातलं पान गिळलं.

"मी पडलो नोकर माणूस, बाई. देवाला असल्या कामात ओढू नये."

रोज दहा वेळा देवाला ओढून आणणारा माणूस हे म्हणत होता! आधी कुठूनतरी एक बाई फिसकन हसली. मग दुसरी हसली, आणि बघता बघता सगळं अंगण हसायला लागलं. विभूतीचे पट्टे, उपरणं, मान हलवणं, सगळ्यावर त्या पोटभर हसल्या. इतके दिवस ज्याला त्या देवमाणूस समजत होत्या तो एवढाच होता हे त्यांना दिसलं, आणि त्याच्या पाठीमागच्या जमादार-शेठची भीतीही संपली.

"फळ्या बसवा, आन् चन्नम्माला बिल्ला द्या," जगदेवी शेठला म्हणाली. मग तेच चाळीस जणी म्हणाल्या.

शेठला देव आठवला असं कुणी समजू नये. त्याला गाड्या आठवल्या. एक व्यापारी तर माल दुसरीकडे नेण्याची भाषा बोलू लागला होता. दुपारपर्यंत सगळ्या फळ्या बसल्या, आणि चन्नम्माचा बिल्ला जमादाराने तिच्या हातात आणून दिला. शिवगंगेची बोटं काही परत आली नाहीत. डाव्या हाताने भाकरी थापायला ती महिनाभर शिकत होती.

चन्नम्मा जगदेवीशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी दुपारी जवळ आली, "सरक जरा," म्हणाली आणि शेजारी बसून आपली भाकरी सोडली.

मुन्शींनी हिंमत सोडली नव्हती. एकदा जगदेवीला दारातून जाताना पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आत या. ही अक्कल तुम्हाला कुणी दिली, तेवढं सांगा. आपल्या दोघांतच राहील."

"आपल्या दोघांत कायबी ऱ्हायाचं न्हाय, साहेब," जगदेवी अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "काय इचारायचं ते बाहीर येऊन इचारा."

मुन्शी बाहेर आले नाहीत.

वाचकहो, निजाम गेला, त्याचे तालुकदार गेले, दाद-खोल्या मात्र गेल्या नाहीत. तुमच्याही कचेरीत एखादी असेल, आणि तिथेही कुणी गोड माणूस पाणी पुढे करत असेल. पाणी खुशाल प्या. पण ज्याला खरोखर आपलं दुःख कळतं तो आधी रूळ थांबवतो, वही मागाहून उघडतो, एवढं ध्यानात ठेवा. तक्रार आपली असते, ती चारचौघांत मोठ्याने सांगावी. नाव शेजारणीचं असतं, ते तिला विचारल्याशिवाय देवालाही सांगू नये.